डॉक्टरीआधी काय, वकिलीआधी काय? एका प्रवेश-अटीचा इतिहास

१८८७ साली मोहनदास गांधी मॅट्रिक झाले आणि भावनगरच्या सामळदास कॉलेजात दाखल झाले. पहिलं सत्र संपेपर्यंत त्यांना कळून चुकलं होतं, की वर्गात चाललेलं आपल्या डोक्यावरून जातंय. सुट्टीत घरी आल्यावर कुटुंबाचे जुने सल्लागार मावजी दवे भेटायला आले. हे जोशीजी म्हणून ओळखले जायचे. त्यांनी मांडलेला हिशेब गांधीजींच्या आत्मकथेत आहे आणि तो आजच्या कुठल्याही करिअर समुपदेशकाला लाजवेल इतका रोखठोक आहे. बी.ए. व्हायला चार-पाच वर्षं जाणार. त्यातून मिळणार फार तर साठ रुपयांची नोकरी, दिवाणगिरी नाही. बी.ए. करून पुढे कायदा करायचा म्हटलं तर आणखी वर्षं, आणि तोवर दिवाणपदासाठी वकिलांची रांग लागलेली असणार. त्यापेक्षा विलायतेला पाठवा. तीन वर्षांत बॅरिस्टर होऊन परत येईल, खर्च चार-पाच हजारांच्या वर जाणार नाही.

तरुण मोहनदासनं विचारलं, मला डॉक्टरीला पाठवता येणार नाही का? थोरल्या भावानं लगेच अडवलं. वडिलांना ते आवडत नव्हतं, आपण वैष्णव, मढी चिरणं आपलं काम नव्हे. जोशीजींचा आक्षेप मात्र धर्माचा नव्हता. शास्त्राची आडकाठी नाही, पण डॉक्टरीच्या पदवीनं दिवाण होता येत नाही, हा त्यांचा मुद्दा.

हा प्रसंग बहुतेकांनी वाचलेला असतो तो विलायतेला जाण्याआधीच्या शपथेसाठी. मी तो इथे घेतलाय वेगळ्या कारणानं. पदवीच्या वर्षांचं काय करायचं, डॉक्टरी की वकिली, आधी काय शिकायचं, किती वर्षं, किती पैसे, हे सगळे प्रश्न त्या एका बैठकीत आले. आणि जोशीजींना एक गोष्ट नेमकी ठाऊक होती, जी आपण विसरतो: एकाच व्यवसायात शिरायची दारं अनेक असतात आणि प्रत्येक दाराची अट वेगळी असते. अट बदलली की आत कोण येतो तेही बदलतं.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या संशोधनाचा विषय शोधताय, म्हणून एक सुचवतो. 'प्रवेशाची अट' हा ऐतिहासिक पुरावा म्हणून वाचून बघा. विज्ञानातून आलेल्या आपल्यासारख्यांना अशी अट निसर्गनियमासारखी वाटते. मेडिकलला केमिस्ट्री लागते, कारण शरीर रसायनांचं बनलेलं आहे, विषय संपला. माझी एम.एस्सी. रसायनशास्त्रातलीच, त्यामुळे मला तर हे उत्तर ऐकायला गोडच लागतं. पण शरीर १८४५ सालीसुद्धा रसायनांचंच बनलेलं होतं, आणि तेव्हा ही अट नव्हती.

मुंबईपासून सुरुवात करू. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली. म्हणजे मुंबईत डॉक्टरीचं कॉलेज बी.ए.पेक्षा बारा वर्षांनी मोठं आहे. जी पदवी अस्तित्वातच नाही, ती आधी घेऊन या असं कॉलेज सांगणार तरी कसं? पहिल्या तुकडीत आलेले भाऊ दाजी लाड एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले, तिथे शिकवलेलेही. १८५१ साली ते ग्रँटमधून पदवी घेऊन बाहेर पडले. कायद्याचं तसंच. ज्याला आपण गव्हर्नमेंट लॉ कॉलेज म्हणतो, त्याची सुरुवात १८५५ ची, तीही विद्यापीठाच्या आधीची.

विद्यापीठ आल्यावर मात्र दोन्ही वाटा वेगळ्या झाल्या. १८६२ साली विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यात महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. रानडे बी.ए. नंतर एम.ए. आणि मग १८६६ साली एलएल.बी. झाले. टिळकांनी १८७७ साली डेक्कन कॉलेजातून बी.ए. केलं, विषय गणित, आणि १८७९ साली एलएल.बी. घेतली. गणित शिकून वकिलीची पदवी! आज बी.एस्सी. मॅथ्स करणाऱ्या मुलीनं लॉची सीईटी द्यायची म्हटलं, की घरात 'मग तीन वर्षं वाया घालवलीस का' असं होतं. टिळकांना हे कुणी विचारल्याची नोंद निदान माझ्या वाचनात नाही. आधी व्यापक शिक्षण, मग कायदा, असा तो रस्ता होता.

डॉक्टरीला मात्र विद्यापीठाच्या सुरुवातीच्या काळात मॅट्रिक पुरायची आणि मग थेट एल.एम. अँड एस.चा अभ्यास. त्याखाली आणखी एक पायरी होती. सरकारी दवाखान्यांना हॉस्पिटल असिस्टंट हवे होते, त्यांच्यासाठी ग्रँटमध्ये मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्ग चालले. पुढे हे काम पुणे आणि अहमदाबादच्या मेडिकल स्कूलांकडे गेलं. मराठीतून वैद्यकी शिकवता येईल का, हा आज चर्चेत असलेला प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी सरकारनं काटकसरीपोटी निकालात काढला होता, हे जाता जाता.

वकिलीतही पायऱ्या होत्या. पदवी नसलेल्यांसाठी जिल्हा वकिलाची परीक्षा होती आणि त्यातून तालुका-जिल्ह्याच्या कोर्टात उभं राहता यायचं. आणि सगळ्यात वर बॅरिस्टर, ज्याला लंडनच्या चार 'इन'पैकी एकात नाव घालून, ठरलेल्या सत्रांत ठरलेली जेवणं जेवून आणि दोन परीक्षा देऊन सनद मिळे. त्याला पदवीची अट नव्हती. गांधीजी १८९१ च्या जूनमध्ये बॅरिस्टर झाले, बी.ए. न होता. जोशीजींचा हिशेब वर्षांच्या बाबतीत अचूक ठरला. फक्त मुंबईत वकिली चालेना, म्हणून त्यांनी एका शाळेत रोज तासभर इंग्रजी शिकवायच्या, पंचाहत्तर रुपयांच्या जागेसाठी अर्ज केला. मुख्याध्यापकांनी विचारलं, तुम्ही पदवीधर आहात का? नव्हते. जागा गेली. हायकोर्टात उभं राहायला जी पदवी लागत नव्हती, ती शाळेत इंग्रजी शिकवायला लागत होती. अटी कामाच्या अवघडपणावर ठरत नाहीत, याचं याहून नेमकं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता अमेरिकेकडे येऊ, कारण 'आधी चार वर्षांची पदवी, मग मेडिकल किंवा लॉ' ही आज जगभर अमेरिकेच्या नावानं ओळखली जाणारी पद्धत तिथे मुळात नव्हतीच.

१८८३ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. शिक्षण म्हणजे मिशनच्या शाळा आणि गोपाळरावांनी घरी घेतलेले धडे. कॉलेजात त्यांनी पाऊल ठेवलेलं नव्हतं. डीन रेचेल बॉडली यांनी त्यांचा अर्ज मान्य केला, तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. एकविसावं वर्ष पुरं व्हायला तेव्हा वीस दिवस होते. आपण ही गोष्ट धैर्याची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण अभ्यासक म्हणून त्यात दुसरंही काही दिसतं: दहा वर्षांनंतर बाल्टिमोरमध्ये हाच अर्ज कुणी केला असता, तर तो पहिल्या चाळणीतच बाजूला पडला असता. त्यात आनंदीबाईंच्या बुद्धीचा काही संबंध नसता. मधल्या काळात अट जन्माला आली होती.

त्या काळातली अमेरिकेतली बहुतेक मेडिकल कॉलेजं म्हणजे गावातल्या डॉक्टरांनी एकत्र येऊन काढलेला धंदा होता. चार-पाच महिन्यांची व्याख्यानमाला, पुढच्या वर्षी तीच व्याख्यानं पुन्हा, फी थेट प्राध्यापकांच्या खिशात. वुमन्स मेडिकल कॉलेज त्या मानानं पुष्कळ बरं होतं. हार्वर्डमध्ये अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८७० च्या सुमारास लेखी परीक्षा आणायचं ठरवलं, तेव्हा शल्यचिकित्सेच्या प्राध्यापकांची तक्रार काय, तर निम्म्या मुलांना धड लिहिता येत नाही!

अट जन्माला आली ती जॉन्स हॉपकिन्समध्ये, आणि तिच्या जन्माची कथा पाठ्यपुस्तकात सहसा नीट येत नाही. हॉपकिन्सचं रुग्णालय १८८९ साली उघडलं. मेडिकल कॉलेज मात्र अडलं, कारण देणगीचा पैसा रेल्वेच्या शेअरमध्ये होता आणि त्या शेअरचं उत्पन्न आटलं. तेव्हा बाल्टिमोरच्या काही स्त्रियांनी निधी जमवायला घेतला. त्यांच्यात मेरी गॅरेट होत्या, रेल्वेमालकाची मुलगी, आणि त्यांची मैत्रीण एम. केअरी थॉमस. गॅरेट यांनी स्वतः तीन लाख डॉलरहून अधिक दिले. देताना दोन गोष्टी लेखी मागितल्या. एक, स्त्रियांना पुरुषांच्याच अटींवर प्रवेश. दोन, त्या अटी कडक हव्यात: आधीची पदवी, विज्ञानाचा ठरावीक अभ्यास, शिवाय फ्रेंच आणि जर्मन वाचता येणं.

गंमत अशी, की ही कडक अट प्राध्यापक विल्यम वेल्च यांच्याच जुन्या आराखड्यातून आलेली होती. आदर्श म्हणून त्यांनी ती कागदावर उतरवली होती. ती खरोखर पाळावी लागेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. बाईंनी कागद धरून ठेवला. विल्यम ऑस्लर यांनी वेल्चना म्हटल्याचं सांगतात, की आपण प्राध्यापक म्हणून शिरलो ते बरं, विद्यार्थी म्हणून दोघांनाही प्रवेश मिळाला नसता. १८९३ साली पहिल्या वर्गात १८ विद्यार्थी होते, त्यात तीन स्त्रिया.

इथे क्षणभर थांबा. 'प्री-मेड' अट कुठून आली याला विज्ञानाची प्रगती हे उत्तर अर्धंच आहे. जर्मन प्रयोगशाळांतून परतलेल्या प्राध्यापकांना पहिल्या वर्षाच्या वर्गात आम्ल आणि अल्कली शिकवत बसायचं नव्हतं, हे खरं. शरीरक्रियाशास्त्राची प्रयोगशाळा चालवायची तर रसायन आणि भौतिकी आधी झालेली हवी, चार वर्षांत ते बसत नाही, म्हणून ते ओझं खालच्या पायरीवर ढकलायचं. हा तर्क बिनतोड आहे. पण तो तर्क अमलात आला कुणाच्या तरी पैशानं आणि कुणाच्या तरी हट्टानं. दोन्ही कारणं लिहिली नाहीत तर प्रबंधाचं ते प्रकरण लंगडं.

हॉपकिन्सची अट देशभर गेली त्याचं श्रेय अब्राहम फ्लेक्सनर यांच्या १९१० च्या अहवालाला देतात. फ्लेक्सनर डॉक्टर नव्हते. केंटकीतल्या लुइव्हिलचे शाळामास्तर, हॉपकिन्सचेच बी.ए. कार्नेगी फाउंडेशनसाठी त्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ मेडिकल कॉलेजांची पाहणी केली. प्रवेशाच्या नोंदी तपासायच्या, प्रयोगशाळेचं दार उघडायला लावायचं, ग्रंथालय कुठे आहे विचारायचं. छापील माहितीपत्रकात प्रयोगशाळा असायची आणि प्रत्यक्षात कुलूप लावलेली खोली. त्या वेळी आधीच्या दोन वर्षांच्या कॉलेज-शिक्षणाची अट फक्त १६ कॉलेजांत होती. फ्लेक्सनर यांनी ती सगळ्यांना लावा म्हटलं, विषयही सांगितले, रसायन, भौतिकी, जीवशास्त्र, आणि कॉलेजांची संख्या ३१ वर आणा असं सुचवलं.

त्यानंतर कॉलेजं धडाधड बंद पडली, म्हणून अहवालामुळे बंद पडली, असं आपण शिकतो. आकडे काय म्हणतात? अमेरिकेत १९०६ साली १६२ मेडिकल कॉलेजं होती, १९१० पर्यंत १३१ उरली, १९१५ पर्यंत ९५. म्हणजे अहवाल छापून येण्याआधीच तीसेक कॉलेजं गेली होती. डॉक्टरांच्या संघटनेनं १९०४ साली शिक्षण परिषद नेमली होती, राज्यांची परवाना मंडळं अटी वाढवत होती, आणि प्रयोगशाळेचा खर्च फीतून निघेना. फ्लेक्सनर यांनी उताराला लागलेल्या गाडीला जोरात धक्का दिला, असं म्हणणं जास्त बरोबर. (१५५ आणि १३१ जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका. पहिला आकडा कॅनडा धरून आणि आधीच्या मोजणीचा आहे. दोन आकडे शेजारी ठेवण्याआधी हद्द आणि वर्ष तपासायची सवय आत्ताच लावून घ्या, गाइड विचारायच्या आधी.)

आणि बंद पडलेल्यांत कोण होतं? कृष्णवर्णीयांसाठीची सात मेडिकल कॉलेजं होती. फ्लेक्सनर यांनी त्यातली दोनच ठेवण्याजोगी मानली, हॉवर्ड आणि मेहॅरी. बाकीची पाच १९२३ पर्यंत बंद झाली. अहवालातलं ते छोटं प्रकरण आज वाचवत नाही. कृष्णवर्णीय डॉक्टरांची गरज तिथे बरीचशी अशी मांडली आहे, की त्यांच्या वस्तीतला रोग गोऱ्यांपर्यंत पोचू नये. दक्षिणेत जिथे कृष्णवर्णीय मुलांना चांगली हायस्कुलंच नव्हती, तिथे 'दोन वर्षं कॉलेज' ही अट कागदावर सर्वांना सारखी आणि प्रत्यक्षात दार बंद करणारी ठरली. हॉपकिन्समध्ये ज्या अटीनं स्त्रियांना समान पायावर आत घेतलं, त्याच जातीच्या अटीनं दुसरीकडे माणसं बाहेर ठेवली. मला या विषयात सगळ्यात जास्त अडकवून ठेवणारी गोष्ट हीच आहे, आणि तिचं सोपं उत्तर कुणी देत असेल तर सावध राहा. रोग्याच्या बाजूनं बघितलं तर कुलूपबंद प्रयोगशाळेतून निघालेला डॉक्टर नसलेलाच बरा. गावाच्या बाजूनं बघितलं तर त्यानंतर काही गावांत डॉक्टरच उरला नाही.

विद्यार्थी वाढले, नापास होणारेही वाढले, तेव्हा १९२८ साली फ्रेड मॉस यांनी तयार केलेली अभियोग्यता चाचणी आली. आजच्या एमकॅटची ती आजी.

कायद्याचं वळण वेगळं, आणि तुलनेसाठी सोन्यासारखं. १८७० साली हार्वर्ड लॉ स्कूलचे डीन झालेले ख्रिस्तोफर लँगडेल यांचं म्हणणं होतं, की केमिस्टला जशी प्रयोगशाळा तसं वकिलाला ग्रंथालय, आणि निकालपत्रं हे त्याचे नमुने. (आमच्या प्रयोगशाळेत नमुना सांडला की जमीन जळते, निकालपत्र सांडलं तर काही होत नाही, पण ते असो.) विज्ञानाचा मान हवा, म्हणून विज्ञानाची भाषा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डनं पदवीधरांनाच घ्यायला सुरुवात केली. पण शहरोशहरी रात्रीची लॉ कॉलेजं होती. दिवसा कारखान्यात किंवा दुकानात काम करणारी, नुकती स्थलांतरित झालेली घरं, त्यांची मुलं तिथे शिकायची. लिंकनचं उदाहरण तर प्रत्येकाच्या तोंडी, कॉलेज न बघता वकील झालेला राष्ट्राध्यक्ष.

ज्या कार्नेगी फाउंडेशननं फ्लेक्सनरना पाठवलं, त्यांनीच कायद्याच्या शिक्षणावर आल्फ्रेड रीड यांच्याकडून अहवाल करून घेतला. तो १९२१ साली आला. सगळ्यांना अपेक्षा होती की हेही रात्रीच्या कॉलेजांना झोडपतील. रीड यांनी उलट लिहिलं. वकिलांचा वर्ग मुळात एक नाहीच, मोठ्या कंपन्यांचे वकील वेगळे आणि गल्लीतले वेगळे, तेव्हा शिक्षणही वेगवेगळं राहू द्या. वकिलांच्या संघटनेला हे रुचलं नाही. त्याच वर्षी त्यांनी दोन वर्षं कॉलेज ही शिफारस पुढे रेटली. एकच संस्था, अकरा वर्षांचं अंतर, आणि दोन उलटे निष्कर्ष. पण शेवटी दोन्ही व्यवसाय एकाच जागी पोचले. फरक राहिला तो विषयांचा. अमेरिकेत मेडिकलला आजही विज्ञानाचे ठरावीक कोर्स लागतात, मात्र मुख्य विषय संगीत असला तरी चालतो. लॉला तर ठरावीक विषयच नाही. पदवी हवी, ती कशातली हे कुणी विचारत नाही.

आता दोन चित्रं शेजारी ठेवा. १८८० च्या दशकात मुंबईत विद्यापीठाची कायद्याची पदवी हवी तर आधी बी.ए., आणि फिलाडेल्फियात डॉक्टर व्हायला कॉलेजही नको. शंभर वर्षांनी अमेरिकेत दोन्हींसाठी आधी पदवी, आणि भारतात डॉक्टरी बारावीनंतर, आणि वकिलीही बारावीनंतर करायची तयारी चाललेली. आपण नेमके उलट दिशेनं चाललो होतो. का?

ओझं खाली ढकलण्याचा तर्क इथेही होताच. विसाव्या शतकात मुंबई विद्यापीठात मेडिकलला जायला इंटर सायन्स व्हावं लागायचं, मॅट्रिकनंतरची दोन वर्षं. तुमच्या आजोबांना विचारा, 'ए ग्रुप', 'बी ग्रुप' हे शब्द त्यांच्या तोंडी असतील. १९१७ ते १९१९ या काळात काम केलेल्या सॅडलर आयोगानं सुचवलं, की इंटरची दोन वर्षं विद्यापीठातून काढून वेगळ्या इंटरमीजिएट कॉलेजांत न्यावीत आणि विद्यापीठ त्यानंतर सुरू व्हावं. ती शिफारस बंगालच्या विद्यापीठाबद्दलची, पण कल्पना टिकली. कोठारी आयोगानं १९६४-६६ मध्ये दहा-दोन-तीनचा आकृतिबंध मांडला आणि सत्तरच्या दशकात महाराष्ट्रानं तो घेतला, तेव्हा इंटर सायन्स उचलून ज्युनिअर कॉलेजच्या बारावीत बसलं. विषय तेच, भौतिकी, रसायन, जीवशास्त्र. फक्त ते आता पदवीच्या आधीच्या खोलीत गेले. अमेरिकेत ही पूर्वतयारी चार वर्षांच्या कॉलेजात मुरली, कारण तिथे ती कॉलेजं आधीपासून भरभक्कम उभी होती. आपल्याकडे ब्रिटिश वळणानं शाळेतून थेट मेडिकल, आणि पूर्वतयारी शाळेच्या गळ्यात.

त्यात १९४६ चा भोर समितीचा अहवाल महत्त्वाचा. तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे साडेसत्तेचाळीस हजार नोंदणीकृत डॉक्टर होते, आणि त्यातले जवळजवळ तीस हजार पदवीधर नव्हते, मेडिकल स्कूलमधून निघालेले परवानाधारक होते. समितीच्या बहुमतानं सांगितलं, डॉक्टर एकाच दर्जाचा हवा, पदवीचा. मेडिकल स्कूलं बंद होऊन कॉलेजं झाली. पुण्याचं बी. जे. मेडिकल १९४६ सालीच स्कूलचं कॉलेज झालं. खालची पायरी काढली, की वरच्या दारावर गर्दी होणारच. त्या गर्दीतून पुढे टक्केवारी, मग सीईटी, मग २०१३ मध्ये नीट, त्याच वर्षी ती सर्वोच्च न्यायालयात रद्द, आणि २०१६ मध्ये पुन्हा लागू. लातूर आणि कोटा ही नावं या साखळीची शेवटची कडी आहेत, सुरुवात नाही.

वकिलीत १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनं प्लीडर, वकील, बॅरिस्टर हे भेद मोडून अ‍ॅडव्होकेट हा एकच वर्ग केला. तोवर लॉ म्हणजे पदवीनंतर नोकरी सांभाळून सकाळच्या वर्गाला हजेरी लावायची गोष्ट झाली होती. टिळकांच्या काळात जी पदवी व्यापक वाचनाचा पाया मानली गेली, ती आता 'दुसरं काही जमलं नाही म्हणून लॉ' या वाटेची पहिली पायरी बनली होती. बार कौन्सिलनं १९८२ साली बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणला, आणि माधव मेनन यांनी बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये १९८८ पासून तो खऱ्या अर्थानं चालवून दाखवला. त्यांचं सूत्र साधं होतं: मुलं लहान वयात, पूर्णवेळ, कायदा हीच पहिली पसंती म्हणून यावीत. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास बाहेर पाठवून शिकवायचे नाहीत, आतच शिकवायचे. पुण्यात ज्यांनी बी.एस.एल. केलंय त्यांना हे ठाऊक असेल. टिळकांची बी.ए. गेली नाही, ती पाच वर्षांच्या आत दुमडून ठेवली.

याचा आपल्या, म्हणजे बी.एस्सी.वाल्यांच्या, डोक्यावर काय परिणाम झाला ते आता बघा. अमेरिकेत विज्ञानाची पदवी ही मेडिकलच्या वाटेवरची खोली आहे. तिथे असलेल्या मुलाला कुणी 'हुकलेला' म्हणत नाही. आपल्याकडे ती खोली बारावीत गेली, त्यामुळे बी.एस्सी. हे वाटेवर राहिलंच नाही. ज्यांची वाट चुकली ते तिथे जातात, असा समज झाला. संशोधनाला येणारी कितीतरी हुशार मुलं-मुली हा समज सोबत घेऊन येतात. एका प्रशासकीय फेरबदलाचा हा परिणाम आहे, तुमच्या बुद्धीचा निकाल नाही. आणि बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ असलं तरी पदवीनंतर तीन वर्षांचं लॉ आजही आहे, कुठल्याही पदवीनंतर. पेटंट, पर्यावरण, औषधनियमन, न्यायवैद्यक या कामांत विज्ञान शिकलेले वकील लागतात. एम.एस्सी. झाल्यावर तिकडे वळायचं असेल तर टिळकांचा रस्ता बुजलेला नाही. उलट मेडिकलचा नियम मात्र अजून बारावीलाच चिकटून आहे. २०२३ मध्ये बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून केलेल्यांना नीट देता येईल असं ठरलं, एवढंच दार किलकिलं झालं.

अटीचा अभ्यास करताना आणखी एक नोंद जवळ ठेवा, कॉर्नेलिया सोराबजी यांची. जन्म नाशिकचा, १८६६ चा. डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ साली बी.सी.एल.ची परीक्षा दिली. पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदव्याच देत नव्हतं. परत येऊन १८९७ मध्ये मुंबईची एलएल.बी., १८९९ मध्ये अलाहाबादची वकिलीची परीक्षा. त्या काळी वकिलीसाठी जे जे आधी शिकावं लागायचं ते सगळं त्यांनी शिकून झालं होतं, काही तर दोनदा. कोर्टात मात्र उभं राहता येईना. बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडदानशीन स्त्रियांच्या इस्टेटींची कायदेशीर सल्लागार म्हणून त्यांनी पुढची जवळपास वीस वर्षं काढली. १९२३ साली स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा झाला, आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या आसपास त्यांनी कलकत्ता हायकोर्टात नाव नोंदवलं.